एकच टॅली, पण पेट्या वेगळ्या

रमजानच्या आधी एका जमातीचे हिशेब पाहायला बसलो होतो. खजिनदार प्रामाणिक माणूस, एका रुपयाचीही अफरातफर नाही. तरी एक नोंद खटकली. जकातीतले अठरा हजार रुपये मशिदीच्या बोअरच्या पंपावर खर्च झाले होते. त्याच महिन्यात एका विधवा बाईचा, मुलीच्या फीसाठी केलेला अर्ज मात्र 'शिल्लक नाही' म्हणून परत गेला होता.

झाले होते असे की जकात, सदका, इमारत निधी, सगळी आवक एकाच एक्सेल शीटमध्ये लिहिली जात होती. कोणता निधी, हे सांगणारा रकाना होता. पण घाईगर्दीत कित्येक ओळींत तो कोराच राहिला. कोऱ्या रकान्यातला पैसा कुणाचाच राहत नाही. ज्याची गरज समोर उभी, त्याच्याकडे तो जातो. पंप समोर दिसत होता, ती बाई दिसत नव्हती.

जकात कुणाला द्यायची, याचे आठ वर्ग सूरह तौबाच्या साठाव्या आयतीत सांगितले आहेत. बहुसंख्य फकीहांच्या मते मशिदीचे बांधकाम वा दुरुस्ती त्यात बसत नाही. म्हणजे जकातीचा पैसा वेगळा ठेवणे ही हिशेबाची टापटीप नाही, ती अमानत आहे. आणि अमानत खजिनदाराच्या स्मरणशक्तीवर सोपवून चालत नाही.

यासाठी नवे सॉफ्टवेअर घ्यावे लागत नाही. बहुतेक ट्रस्टांकडे टॅली असतेच. एकाच टॅलीत हव्या तितक्या 'कंपन्या' उघडता येतात. प्रत्येकीचा डेटा वेगळ्या फोल्डरमध्ये राहतो, खातेवही वेगळी, ताळेबंद वेगळा. जकातीच्या कंपनीत पंपाचे खातेच काढले नाही, तर पंपाचा खर्च तिथे सहजासहजी पडणार नाही. रकाना विसरता येतो. भिंत विसरता येत नाही.

दुसरा फायदा मला अधिक मोलाचा वाटतो. प्रत्येक कंपनीला वेगळा पासवर्ड आणि वेगळे वापरकर्ते ठेवता येतात. इमारत निधीच्या पावत्या फाडणाऱ्या तरुणाला, जकात कुणाच्या घरी गेली हे कळण्याचे कारण नाही. गरजूला लपवून दिलेले दान अधिक चांगले, ही शिकवण आपण मिंबरवरून ऐकतो. मग त्याच गरजूंच्या नावांची यादी ऑफिसच्या संगणकावर सर्वांसाठी उघडी कशी ठेवतो?

काही जण म्हणतात, इतक्या वह्या सांभाळणार कोण? शिवाय ट्रस्टचा ताळेबंद तर एकच लागतो. आक्षेप खरा आहे. पण टॅलीतच 'ग्रुप कंपनी' करून सगळ्यांचा एकत्रित अहवाल काढता येतो. बँक खाते एकच असेल, तर सर्व कंपन्यांतील बँक शिलकेची बेरीज दर महिन्याला पासबुकाशी जुळवावी. एका निधीने दुसऱ्याला उसने दिले, तर नोंद दोन्हीकडे करावी लागते. तो त्रास मला चांगलाच वाटतो. उसने घेताना हात थोडा थबकला पाहिजे. जकातीतून उसने देण्याआधी तर आलिमांना विचारूनच पुढे जावे.

परदेशी देणग्यांच्या बाबतीत एफसीआरए कायदा स्वतंत्र बँक खाते आणि स्वतंत्र हिशेब सक्तीने ठेवायला लावतो. तिथे आपले ट्रस्ट काटेकोर असतात, कारण नोटिशीची भीती असते. जकातीसाठी नोटीस येत नाही. तिचा हिशेब दुसरीकडे द्यायचा आहे.

नवे आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होते. आपल्या जमातीच्या खजिनदाराला एवढेच विचारा: आज जकातीची शिल्लक किती? उत्तर द्यायला त्यांना आठवावे लागले, तर वह्या वेगळ्या करायची वेळ आली आहे. आणि त्या कामासाठी एक संध्याकाळ त्यांच्या शेजारी बसा. खजिनदारावर बोट ठेवणे सोपे असते, त्याच्या नोंदी करू लागणारे फार थोडे असतात.