बेटावरची काहिल

मैत्रिणींनो, "इतक्या लांब जाऊन तिथं बघण्यासारखं आहे तरी काय?" हा प्रश्न गेल्या वर्षी निघण्याआधी मला निदान वीस जणींनी विचारला असेल. आमच्या ह्यांनी तर नकाशाच काढला. भिंग लावून पाहिलं आणि म्हणाले, "अगं, हे बेट आहे की शाईचा ठिपका?"

झालं असं की माझी भाची वेस्ट इंडिजमधल्या नेव्हिस नावाच्या बेटावर मेडिकलला आहे. जायचं होतं खरं तिच्या आईने, म्हणजे आमच्या ताईने. पण ताईचे गुडघे ऐनवेळी रुसले. मग भाचीचा फोन आला, "मावशी, तू ये. तुला ऊस बघायची सवय आहे, इथे उसाचा इतिहास बघ." अमेरिकेचा व्हिसा मुलाकडे जाऊन आल्यामुळे होताच. म्हटलं, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी कुणी एवढ्या हौसेने बोलावतंय, तर जावं. पोळ्यांना बाई लावली, लोणच्याची बरणी बांधली आणि निघाले एकटीच!

मुंबईहून न्यूयॉर्क, तिथून सेंट किट्स. सेंट किट्स आणि नेव्हिस ही दोन बेटं मिळून एक देश आहे. १९८३ साली तो इंग्रजांपासून स्वतंत्र झाला. सेंट किट्सहून नेव्हिसला बोटीने पाऊण तास लागतो. बोटीत बसताना शेजारच्या आजींनी छातीवर क्रूस काढला. मग भाचीने सांगितलं, १९७० साली १ ऑगस्टला याच पाण्यात 'ख्रिस्टिना' नावाची प्रवाशांनी खच्चून भरलेली बोट बुडाली आणि २३३ माणसं गेली. एवढ्याशा बेटांवर २३३ माणसं म्हणजे घराघरातलं कुणी ना कुणी. समुद्र निळाशार, आरशासारखा होता, पण माझी नजर त्या आजींच्या हातावरच खिळून राहिली.

आणि मग समोर नेव्हिस आलं. समुद्रातून वर आलेला एकच डोंगर, नेव्हिस पीक, ९८५ मीटर उंच. डोक्यावर कायम पांढऱ्या ढगाची टोपी. तो ढग बर्फासारखा दिसला म्हणून स्पॅनिश लोकांनी बेटाला 'बर्फाच्या मातेचं' नाव दिलं आणि त्याचं पुढे नेव्हिस झालं, असं सांगतात. तिथले लोक मात्र 'नीव्हिस' म्हणतात. अख्खं बेट ९३ चौरस किलोमीटर. आपला एखादा तालुका याच्या कितीतरी पट मोठा!

खरं सांगू? पहिले तीन दिवस मी नुसती बसून होते. नारळापेक्षा उंच इमारत दिसली नाही, सिग्नलचा दिवा दिसला नाही. रस्त्यात गाढवं आणि शेळ्या आरामात उभ्या, गाडीवाले थांबतात. अनोळखी माणूसही "गुड मॉर्निंग" म्हटल्याशिवाय पुढे जात नाही, आणि आपण उत्तर दिलं नाही तर त्याला वाईट वाटतं. आंब्याची झाडं इतकी की रस्त्यावर सडा पडलेला. माकडांच्या टोळ्या येतात, एक चावा घेतात आणि टाकून देतात. अगदी आपल्याकडच्यासारख्या! बाथ नावाच्या गावात गरम पाण्याचे झरे आहेत. शेजारी १७७८ सालच्या हॉटेलची दगडी इमारत आहे. त्या काळी युरोपातले श्रीमंत लोक तिथे अंग शेकायला यायचे. मीही ताईच्या वतीने गुडघे बुडवून बसले.

जेवणात नीरफणस आला तेव्हा मला कोकणातल्या मावशीची आठवण झाली. चौकशी केली, तर हे झाड या बेटांवरचं नव्हेच! पॅसिफिक महासागरातल्या ताहिती बेटावरून १७९३ साली इंग्रजांनी त्याची रोपं जहाजाने वेस्ट इंडिजमध्ये आणली. कशासाठी? तर मळ्यांवरच्या गुलामांचं पोट स्वस्तात भरावं म्हणून. तिथून पुढे मी ज्या ज्या सुंदर गोष्टीला हात लावला, तिच्या खाली दुसरं काहीतरी निघालं. माकडं आफ्रिकेतून आणलेली. उसातले उंदीर मारायला मुंगसं कलकत्त्याहून १८७२ साली जमैकात नेली आणि मग इतर बेटांवर पोचवली. आणि माणसं? तीही आणलेलीच. आफ्रिकेतून, साखळदंड घालून.

एका जुन्या मळ्यावर भाची मला चहाला घेऊन गेली. आता तिथे हॉटेल आहे. पवनचक्कीच्या दगडी बुरुजात मेणबत्त्या लावून जेवणाची टेबलं मांडतात, हिरवळीवर लग्नं लागतात. बागेत एका मोठ्या तांब्याच्या भांड्यात कमळं फुलली होती. मी जवळ गेले आणि थबकलेच. अहो, ती काहिल होती! आपल्या गुऱ्हाळावर असते तशीच, फक्त जास्त खोल. माझ्या माहेरी गुऱ्हाळ होतं. काहिलीवरची वाफ, गुळव्याची हाक, मळी काढायचं झारं हे सगळं मी डोळे मिटून सांगू शकते. आमच्या काहिलीजवळ आम्ही मुलं गरम गूळ खायला जायचो. इथल्या काहिलीजवळ कोण उभं असेल?

भाचीने सांगितलं. उसाच्या हंगामात चरक रात्रंदिवस चालायचे. झोपेने डोळा लागून हात रुळांत गेला तर तोडून टाकता यावा म्हणून चरकाशेजारी कुऱ्हाड ठेवायचे. हातातला चहाचा कप मी खाली ठेवला. कमळं तशीच सुंदर दिसत होती, पण मला तिथे बसवेना.

नेव्हिस दोन फॅनींचं गाव आहे, हे मला घरी येऊन वाचत बसले तेव्हा कळलं. पहिली फॅनी निस्बेट. श्रीमंत मळेवाल्याची भाची, लहान मुलगा असलेली तरुण विधवा. ११ मार्च १७८७ ला माँटपेलिअर मळ्यावर तिचं लग्न इंग्रज आरमारातल्या होरेशिओ नेल्सनशी झालं. पुढे तो इंग्लंडचा मोठा वीर ठरला आणि दुसऱ्या बाईसाठी त्याने हिला सोडलं. फिग ट्री भागातल्या चर्चमध्ये त्या लग्नाची नोंद आहे. पर्यटक ती आवर्जून पाहतात. मीही पाहिली.

दुसरी फॅनी कोकर. १७६७ साली माउंट्रॅव्हर्स नावाच्या मळ्यावर जन्मली, तीच मुळी गुलाम म्हणून. आई पॉली, लहानपणीच विकत घेतलेली. फॅनीला १७७८ साली मुक्त केलं, ती शिवणकाम शिकली, आणि १७८३ साली मालकिणीची दासी म्हणून इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात गेली. आई मागे मळ्यावर गुलामीतच राहिली. एवढ्या लांबून ही लेक आईला वस्तू पाठवत राहिली. १८२० साली ती तिकडेच वारली. सातासमुद्रापलीकडून आईसाठी पार्सल बांधणारी लेक... मैत्रिणींनो, सांगा, या दोघींपैकी आपल्या जवळची कोण?

बेटाची मुख्य वस्ती चार्ल्सटाउन. तिथे अमेरिकेचे पहिले अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन यांचं जन्मस्थान म्हणून एक दगडी घर दाखवतात. दहा डॉलरच्या नोटेवर ज्यांचा चेहरा आहे तेच हे. पण त्यांची आई रेचल? नवऱ्याच्या जाचातून निघून गेली म्हणून त्या नवऱ्याने तिला तुरुंगात टाकलं होतं. नोटेवर लेकाचा चेहरा आला, आईचं नाव किती जणांना ठाऊक आहे?

एके दिवशी आमच्या टॅक्सीवाल्या बाईंशी गप्पा जमल्या. साठीच्या, टोपी घालणाऱ्या, खणखणीत हसणाऱ्या. त्यांची आजी ऊस तोडायची, आजीची आजीही. मी मोठ्या कौतुकाने सांगितलं, "आमच्याही गावात ऊस आहे. आमचा स्वतःचा चार एकर आहे." त्यांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि सहज विचारलं, "मग तोडतं कोण?"

मी म्हटलं, "येतात बाहेरून. टोळ्या येतात."

"कुठल्या गावच्या?"

मला सांगता आलं नाही. बीडकडच्या असतील, म्हटलं. माझ्या लग्नाला एकतीस वर्षं झाली. एकतीस हंगाम त्या बायका माझ्या डोळ्यांसमोर मोळ्या डोक्यावर घेऊन ट्रॉलीवर चढल्या. मी चहा पाठवला, दिवाळीला जुन्या साड्या दिल्या आणि स्वतःला दयाळू समजत राहिले. एकीचंही नाव मला माहीत नव्हतं!

इंग्रजांच्या राज्यात १ ऑगस्ट १८३४ ला गुलामी कायद्याने संपली. एकट्या नेव्हिसमध्ये आठ हजारांवर माणसं गुलाम होती. तरीही 'उमेदवारी'च्या नावाखाली त्यांना आणखी चार वर्षं राबवलं, ती खरी सुटली १८३८ साली. मग मजूर कमी पडू लागले तसे करारावर आपल्याकडचे लोक आणले. १८७४ साली 'सिरिया' नावाच्या जहाजाने कलकत्त्याहून ३१५ माणसं नेव्हिसला उतरवली. त्यांची वेगळी वस्ती, वेगळी खूण मला कुठे दिसली नाही. साखरेचा भाव पडला, मळे ओस पडले, माणसं कामासाठी देशोधडीला लागली. आज आपण ज्या शांततेचे फोटो काढतो, ती अशी आलेली आहे.

पण म्हणून बेट रडत बसलंय असं समजू नका हं! जुलैच्या अखेरीस तिथे 'कल्चरामा' नावाचा उत्सव भरतो, १९७४ पासून. ऑगस्टच्या पहिल्या सोमवारी मुक्तिदिनाची सुट्टी असते. एरवीची शांत गल्ली तेव्हा ढोल, नाच, रंगीत पिसांनी नुसती फुलून जाते. टॅक्सीवाल्या बाई नातीला कडेवर घेऊन नाचत होत्या. मला म्हणाल्या, "आजीसाठी नाचतेय." मीही पदर खोचला. घरचं कुणी बघायला नव्हतंच!

नोव्हेंबरात आमच्या शेतावर टोळी आली. या वेळी मी बांधावरून चहा पाठवला नाही, स्वतः घेऊन गेले. एकीला नाव विचारलं, तर ती हसली. "आमचं नाव काय करताव बाई? मुकादमाच्या वहीत मालकाचं असतंय. आमी दोघं मिळून एक कोयता." आमच्या ह्यांच्या डायरीत पाहिलं. तिथेही तेच. 'कोयते १४.' म्हणजे चौदा पुरुष, चौदा बायका, आणि त्यातल्या चौदा जणी वहीतून गायब.

गुलामी आणि ऊसतोड एक नव्हे, हे मला कळतं. पण उचल फिटेपर्यंत सुटता येत नाही, खाडा झाला की दंड बसतो, हे त्या बायकांकडून ऐकलं. २०१९ साली सरकारी समितीने बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांची पाहणी केली. ब्याऐंशी हजारांवर बायकांपैकी तेरा हजारांहून जास्त जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. पाळीत काम बुडू नये म्हणून, हे त्यामागचं एक कारण तेव्हा पुढे आलं. ही बातमी मी वाचली होती. चहा पिता पिता 'अरेरे' म्हणून पान उलटलं होतं.

मी काय केलं विचाराल, तर फार काही नाही. विहिरीपाशी पत्र्याचा आडोसा करून न्हाणीघर आणि संडास उभा केला, पिण्याच्या पाण्याची टाकी ठेवली. ह्यांनी कुरकूर केली, "एवढ्या वर्षांत कुणी मागितलं नाही." मी म्हटलं, "आपण विचारलं नाही." आणि डायरीत चौदा कोयत्यांखाली अठ्ठावीस नावं लिहिली. याने काही उचलीचा प्रश्न सुटत नाही, मला ठाऊक आहे. पण पुढच्या वेळी कुणी विचारलं, "तोडतं कोण?" तर मला खाली बघावं लागणार नाही.

तेव्हा मैत्रिणींनो, संधी मिळाली तर प्रवास जरूर करा. मुलाकडे, भाचीकडे, बचत गटाच्या सहलीला, जिथे जमेल तिथे. समुद्र बघा, आंबे खा, गरम झऱ्यात पाय बुडवा, त्यात काही पाप नाही. फक्त एखाद्या सुंदर, शांत जागी उभ्या राहिलात की तिथल्या एखाद्या बाईला विचारा, इथे राबलं कोण? ती कदाचित उलट तुम्हालाच तुमच्या घरचं काही विचारेल. मला तरी नेव्हिसहून आणलेल्या सगळ्या वस्तूंमध्ये तो प्रश्नच जास्त टिकाऊ निघाला. आंब्याची कोय मात्र कस्टमवाल्यांनी काढून घेतली!