उंदराला शेपटी धरून उचलू नका

आमच्या घरी दोन पांढरे उंदीर आहेत. मामांनी ते शहरातून आणले. गावात जो तो विचारतो, उंदीर पोरांना चावला तर? पण मला वाटते की उंदरापासून पोरांना जेवढी भीती आहे, त्याच्यापेक्षा पोरांपासून उंदराला जास्त आहे. उंदीर केवढा आणि पोर केवढे!

बघायला आलेला प्रत्येक जण आधी शेपटीलाच हात घालतो. हे सगळ्यात वाईट. शेपटी ओढली तर तिचे कातडे सोलून निघते आणि ते परत येत नाही. उभ्याने पण धरू नये. सुटून पडला तर त्याचा पाय मोडतो. खाली मांडी घालून बसावे आणि दोन्ही हातांची ओंजळ करावी. बारकी पोरं तर उंदराला घट्ट दाबतात, मग त्याला श्वास घेता येत नाही. म्हणून पहिलीच्या आतल्यांनी नुसते बघावे. ती रडली तरी चालेल. (आजीला हे पटत नाही.)

आता चावण्याचे. भाकरी खाऊन तेच बोट जाळीतून आत घातले तर उंदराला ती भाकरीच वाटते. म्हणून आधी हात धुवावेत, नंतरही साबणाने धुवावेत. चावलाच तर लपवू नये, घरी सांगावे आणि डॉक्टरांना दाखवावे. शेतातला उंदीर मात्र कुणी पकडून पाळू नये. त्याच्या लघवीतून लेप्टोचा ताप येतो.

पालकांनी पण आमचे उंदीर बघायला यावे. दिवसा ते झोपतात, म्हणून दिवेलागणीला यावे. कुत्रे मात्र घरी बांधून यावे.