आटे जुळले पाहिजेत!

बंगळुरूच्या पीण्या भागातील एखाद्या वर्कशॉपमध्ये तयार झालेला ८ मिलिमीटरचा मेट्रिक बोल्ट चाकणमधल्या नटात बिनचूक बसतो आणि तो आवळायला कोल्हापुरातही १३ नंबरचाच पाना लागतो. आट्यांचे माप सर्वांनी मान्य केले आहे, म्हणून हे घडते. पीण्याच्या प्रचंड औद्योगिक वसाहतीतील हजारो लहान कारखाने याच विश्वासावर चालतात. पण तेथील कामगार आणि लघुउद्योजक एकमेकांशी बोलतात ती माध्यमे मात्र अशा कोणत्याही सामाईक मापावर उभी नाहीत. 'सीएनसी ऑपरेटर पाहिजे', 'खोली भाड्याने आहे' हे निरोप व्हॉट्सॲपच्या गटांत फिरतात. एका गटात १०२४ माणसे मावतात आणि कालचा निरोप आज सापडत नाही.

अशा एकाच कंपनीच्या भरवशावर राहण्याची किंमत बंगळुरूने पाहिली आहे. मराठी, कन्नडसह भारतीय भाषांसाठी २०२० मध्ये सुरू झालेले 'कू' याच शहरातले. जुलै २०२४ मध्ये ते बंद झाले आणि तेथे जमलेला गोतावळा पांगला.

याला पर्याय आहे. फेडरेटेड समाजमाध्यमात प्रत्येक समूहाचा सर्व्हर स्वतंत्र असतो, तरीही एका ठिकाणचा सदस्य दुसऱ्या ठिकाणच्याशी बोलू शकतो. २०१६ मध्ये आलेले मॅस्टोडॉन हे त्याचे ठळक उदाहरण. सर्व्हरांनी एकमेकांशी बोलण्याचे त्यामागचे 'ॲक्टिव्हिटीपब' हे माप जानेवारी २०१८ मध्ये वेबची मापे ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने प्रमाणित केले. म्हणजे आटे ठरलेले आहेत. नोव्हेंबर २०१९ मध्ये ट्विटरवर नाराज झालेले अनेक भारतीय मॅस्टोडॉनकडे वळलेही होते.

अडते ते उभारणीत. डोमेन घ्या, सर्व्हर भाड्याने घ्या, काळ्या पडद्यावर आज्ञा टंकित करा, ईमेलची जोडणी करा, डेटाबेसचा बॅकअप ठेवा. दिवसभर मशिनवर उभ्या असलेल्या माणसाकडून ही अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. शिवाय सर्व्हर चालू झाला की शिवीगाळ, अफवा आणि फसवणूक आवरण्याची जबाबदारी येते. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार तक्रार अधिकारीही नेमावा लागतो. एकट्यादुकट्या हौशी माणसाने चालवलेला सर्व्हर त्याचा उत्साह ओसरला की बंद पडतो, हेही खरे.

यावरचे उत्तर महाराष्ट्राला नवे नाही. प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला तेव्हा प्रत्येक सभासदाने बॉयलर चालवायला शिकावे, अशी अट नव्हती. कारखान्याची मालकी आणि मताचा हक्क सभासदांचा, यंत्र जाणकारांच्या हाती, ही विभागणी येथेही चालेल. उद्योजकांच्या संघटना, कामगार संघटना आणि परगावची मराठी मंडळे यांनी वर्गणी काढून सामाईक सर्व्हर आणि दोन पगारी तंत्रज्ञ ठेवावेत. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनी मराठी-कन्नडमध्ये चार प्रश्न विचारून पूर्ण होणारी मांडणी, आपोआप होणारा बॅकअप आणि सोपी नियमावली द्यावी. सरकारने लहान समूहांना तक्रार निवारणाचा तयार नमुना पुरवावा.

बंगळुरूत सॉफ्टवेअर अभियंत्यांची वाण नाही आणि त्यांत मराठी तरुणही आहेत. त्यांनी महिन्यातला एक रविवार पीण्याला द्यावा. माप ठरलेले आहे. आता कामगाराच्या हाताला पेलेल असा पाना घडवा.