शाईची दौत

उर्दूत जिला 'रोशनाई' किंवा 'स्याही' म्हणतात, तिलाच मराठीत 'शाई' म्हणतात. 'शाई' हा शब्द फारसीतील 'स्याही'वरून आला. 'स्याह' म्हणजे काळा. म्हणजे शाईचा मूळ अर्थच काळी! तरीही आपण निळी शाई, लाल शाई, हिरवी शाई असे सहज म्हणतो. उर्दूतील 'दवात' आणि मराठीतील 'दौत' हीसुद्धा एकच. दोन्ही भाषांनी हे शब्द जपले. पण दौत मात्र मुलांच्या टेबलावरून नाहीशी झाली. ती परत यावी, असे मला वाटते. का, ते सांगतो.

आपण बहुधा स्वस्त बॉलपेन वापरतो. ते संपले की फेकून देतो. एका वर्गातील मुले वर्षभरात किती पेने फेकत असतील, याचा हिशेब तुम्हीच करून पाहा. ते प्लॅस्टिक कुजत नाही. शाईचे पेन रिकामे झाले, तर ते पुन्हा भरता येते. पेनात साधारण एक ते दोन मिलिलीटर शाई मावते. म्हणजे साठ मिलिलीटरच्या एका दौतीतून पेन निदान तीस वेळा भरता येईल. नीट सांभाळलेले पेन अनेक वर्षे टिकते.

दौतीतील रंग केवळ शोभेसाठी नसतात. प्रत्येक शाईचा स्वभाव निराळा असतो. बहुतेक निळ्या शाया म्हणजे पाण्यात विरघळलेला रंग. त्या कपड्यावरून धुऊन निघतात. पण वही भिजली, तर अक्षरही फिके पडते. पूर्वी मायफळ आणि हिराकस यांपासून शाई करत. ती लिहिताना फिकी दिसे आणि हवा लागली की काळी होई. लिहिताना अक्षर दिसावे म्हणून तिच्यात निळा रंग मिसळू लागले. हीच मूळची निळी-काळी शाई. ती पाण्याने सहज जात नसे, म्हणून महत्त्वाचे दस्तऐवज तिने लिहीत. लाल शाई चुका दाखवण्यासाठी आणि शीर्षकांसाठी. रोजच्या लेखनाला निळी, जपून ठेवण्याच्या लेखनाला पक्की, खुणेला लाल, अशी निवड करायला शिकणे हेही एक शिक्षणच आहे.

आपल्या देशात शाईला आणखी एक अर्थ होता. परदेशी शाई नको, म्हणून स्वदेशी शाई बनवण्याचे प्रयत्न झाले. दांडेकर बंधूंनी १९३१ साली मुंबईत 'घोडा छाप' शाईच्या पुड्या आणि वड्या बनवायला सुरुवात केली. त्यातूनच पुढे 'कॅम्लिन' हा मोठा उद्योग उभा राहिला. बंगालमध्ये १९३४ साली मैत्र बंधूंनी 'सुलेखा' शाई काढली. तो कारखाना मध्यंतरी बंद पडला होता. पण पुन्हा सुरू झाला आणि आता त्याच्या रंगीत शाया परत मिळू लागल्या आहेत.

तुम्ही म्हणाल, "शाईचे पेन गळते, बोटे रंगतात आणि वेळ जातो." हे काही खोटे नाही. पण बरेचदा दोष निगा न राखण्याचा असतो. पेन दोन-तीन आठवड्यांनी साध्या पाण्याने धुवावे. एका शाईत दुसरी शाई मिसळू नये; कधी कधी साका बसून पेन तुंबते. चित्रकलेची पक्की शाई पेनात कधीही भरू नये. ती आत वाळली की पेन कायमचे बिघडू शकते. परीक्षेत मात्र सांगितलेल्या रंगाच्या शाईनेच लिहावे.

वेळ जातो, हा तर मला दोष वाटतच नाही. बॉलपेन कागदावर दाबावे लागते. शाईच्या पेनाला दाब लागत नाही. निबेच्या बारीक फटीतून शाई आपोआप कागदावर उतरते. त्यामुळे हात कमी दुखतो. अक्षराकडे लक्ष जाते. उर्दूचा कातिब बोरू दौतीत बुडवून सावकाश लिही, म्हणूनच त्याचे अक्षर मोत्यासारखे दिसे.

सगळे लेखन शाईच्या पेनानेच करा, असा माझा आग्रह नाही. घाईच्या टिपणाला बॉलपेन खुशाल वापरा. पण रोज एक पान, मग ते उर्दूचे असो वा मराठीचे, दौतीतील शाईने लिहून पाहा. उजवीकडून लिहा किंवा डावीकडून, शाई दोन्ही वाटांनी सारखीच चालते.