बोडीतल्या बारक्या माशांचे मोल

रोवणी आटोपली आणि आभाळ जरा उघडले की तुमसर तालुक्यातल्या गावाबाहेरच्या बोडीवर दुपारी एक ओळखीचे दृश्य दिसते. पाळीवरच्या झाडाच्या सावलीत दोन-चार पोरे गरी टाकून बसलेली असतात. हातात बांबूची काडी, तिला तंगूसाचा दोरा आणि गरीला गांडुळाचा तुकडा. सांजेपर्यंत डब्यात जमतात ते बोटभर लांबीचे चंदेरी मासे, मूठभर झिंगे आणि नशीब असले तर एखादी मरळ. मरळीला चांगला भाव मिळतो, म्हणून ती विकली जाते. बारक्या माशांना कोणी विचारत नाही, म्हणून ते घरच्या चुलीवर शिजतात. आरोग्याच्या हिशेबाने बघितले, तर हेच न विकले जाणारे मासे त्या घराची खरी कमाई असते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातील ५४ टक्के स्त्रियांमध्ये आणि पाच वर्षांखालील सुमारे ६९ टक्के बालकांमध्ये रक्तक्षय आढळला. तुमसर ही धानाची मोठी बाजारपेठ. इथल्या ताटात भात भरपूर असतो, म्हणून पोट भरते. पण नुसत्या भातातून लोह पुरेसे मिळत नाही, जीवनसत्त्व ‘अ’ मिळत नाही आणि ‘बी-१२’ तर वनस्पतिजन्य अन्नात जवळपास नसतेच. पोट भरूनही शरीर उपाशी राहते, ते असे.

मग बारक्या माशांत असे काय आहे? उत्तर ते खाण्याच्या रीतीत आहे. रोहू किंवा कटला आपण कापून खातो. मांस पोटात जाते, काटे ताटाबाहेर राहतात. बोटभर मासा मात्र डोके, डोळे, काटे यांसकट खाल्ला जातो. काट्यांतून कॅल्शियम मिळते, तर डोळ्यांत आणि यकृतात जीवनसत्त्व ‘अ’ साठलेले असते. मोला नावाचा एक लहानसा मासा भारतात आणि बांगलादेशात गोड्या पाण्यात आढळतो. त्याच्या १०० ग्रॅममध्ये जीवनसत्त्व ‘अ’ अडीच हजार मायक्रोग्रॅमच्या आसपास सापडले आहे. रोहूच्या मांसात ते नगण्य असते. या विषयावर बांगलादेशात दीर्घकाळ संशोधन करणाऱ्या डॉ. शकुंतला थिलस्टेड यांना २०२१ मध्ये जागतिक अन्न पुरस्कार मिळाला.

माशातल्या लोहाचा बराचसा भाग शरीर सहज शोषून घेते. शिवाय मासा सोबत असला, की भात, डाळ आणि पालेभाजीतले लोहही अधिक प्रमाणात शोषले जाते. वर लिंबू पिळले तर आणखी चांगले. जेवणावर लगेच चहा घेतला, तर मात्र हा फायदा बराच कमी होतो.

आता गंमत पाहा. मत्स्यशेतीच्या पुस्तकांत या बारक्या माशांना ‘तण’ म्हटले जाते. शेतात निंदण करतात तसे, रोहू-कटला-मृगळचे बीज सोडण्याआधी तळ्यातले हे मासे काढून टाकावेत, असा सल्ला दिलेला असतो. त्यासाठी मोहाची ढेप किंवा ब्लीचिंग पावडर सुचवली जाते. ढेपेतल्या सॅपोनिनमुळे मासे मरतात. विक्रीच्या हिशेबात हा सल्ला चुकीचा नाही, कारण खाद्य वाटून घेणारा वाटेकरी कमी होतो. पण तळ्याच्या हिशेबवहीत फक्त किलो आणि रुपये लिहिले जातात. गावातल्या गरोदर बाईचे हिमोग्लोबिन त्या वहीत कुठेच नोंदलेले नसते.

याचा अर्थ रोहू-कटला नकोत असा नाही. ढिवर बांधवांच्या सहकारी संस्थांचे पोट त्यावरच चालते. त्यातून प्रथिने मिळतात आणि पैसाही मिळतो. प्रश्न एकाला ठेवून दुसऱ्याला हाकलण्याचा आहे. बांगलादेशातल्या प्रयोगांत कार्प माशांसोबत मोलाही तळ्यात ठेवला, तेव्हा कार्पच्या उत्पादनात मोठी घट झाली नाही. मोठे मासे बाजारात गेले आणि लहान मासे घरी शिजले. शिवाय या लहान माशांचे बीज दरवर्षी विकत आणावे लागत नाही. काठच्या उथळ पाण्यात, पाणवनस्पतींच्या आधाराने ते आपोआप वाढतात.

अर्थात, तो काठ शिल्लक असला तर. पूर्व विदर्भातल्या मामा तलावांचे काठ आज बेशरमच्या झुडपांनी, अतिक्रमणाने आणि गाळाने गिळले आहेत. बांधीत फवारलेले कीटकनाशक पावसाच्या पाण्यासोबत तलावात उतरते. मच्छरदाणीच्या जाळीने पिल्लेही उपसली जातात. तरीही हे चित्र बदलता येते. शेजारच्या गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या निमगावात ते दिसले आहे. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाचे मनीष राजनकर यांच्यासोबत तिथल्या ढिवर समाजाने तलावातली बेशरम उपटली, उन्हाळ्यात तळ नांगरला आणि स्थानिक पाणवनस्पती लावल्या. पाणवनस्पती परतल्या तसे स्थानिक मासे आणि पक्षीही परतले. या कामाकडे एरवी पर्यावरणाचे काम म्हणून पाहिले जाते. खरे तर ते सार्वजनिक आरोग्याचेही काम आहे.

म्हणून काही गोष्टी सरळ करता येतील. तलाव ठेक्याने देताना ‘स्थानिक मासे विष घालून मारू नयेत’ ही अट असावी. तलावाच्या काठाचा एक भाग पाणवनस्पतींसाठी राखावा. पावसाळ्याच्या सुरुवातीला मासे अंडी घालायला चढतात, त्या काळात बारीक जाळीला आवर घालावा. आणि अंगणवाडीच्या आहारात, जी कुटुंबे मासे खातात त्यांच्या मुलांसाठी, सुक्या बारक्या मासळीची भुकटी वापरून पाहावी. ओडिशातल्या मयूरभंज जिल्ह्यात असा प्रयोग झाला आहे. उन्हात वाळवल्याने जीवनसत्त्व ‘अ’ बरेच कमी होते, पण प्रथिने आणि कॅल्शियम टिकतात.

घरातही थोडी काळजी घ्यायला हवी. बारक्या माशांची डोकी कापून फेकू नयेत, कारण जीवनसत्त्वाचा मोठा साठा तिथेच असतो. मासे पूर्ण शिजवावेत. लहान बाळाला द्यायचे तर काटे राहणार नाहीत इतके बारीक वाटून द्यावेत. फवारणीनंतर मेलेले, तरंगणारे मासे कधीही खाऊ नयेत.

आणखी एक गोष्ट. मासे हे अन्न आहे, औषधाची जागा ते घेत नाहीत. गरोदरपणातल्या लोहाच्या गोळ्या बंद करू नयेत. भंडारा जिल्हा सिकलसेलच्या पट्ट्यात येतो. त्यामुळे प्रत्येक फिकट चेहऱ्यामागे लोहाचीच कमतरता असेल असे नाही. आधी रक्त तपासून घ्यावे आणि मगच उपचार ठरवावा.

सांजेला पोरे गरी गुंडाळून घराकडे निघतात. डब्यात पावशेर मासेही नसतात. घरी आई त्यांना हळद-मीठ लावते, रस्सा करते आणि चार जणांच्या भातावर वाढते. कोणत्याही योजनेचा कागद न भरता पोषण त्या घरात पोहोचलेले असते. बोडी जिवंत राहिली, तरच ते पुढच्या वर्षीही पोहोचेल.