‘-एलएम’ लाव, चालेल!

सीच्या प्रॅक्टिकलला वर्गमूळाचा प्रोग्रॅम. ‘मॅथ.एच’ लिहिलंय, एकही सेमीकोलन राहिलेला नाही, तरी लिनक्सवर जीसीसी ओरडतो, ‘अनडिफाइन्ड रेफरन्स टू एसक्यूआरटी’. मागच्या बाकावरून सल्ला येतो, ‘शेवटी -एलएम लाव, चालेल.’ तुम्ही लावता, चालतं, जर्नलवर सही होते. का चाललं, हे कुणी विचारत नाही आणि बहुतेकदा कुणी सांगतही नाही. माझा आक्षेप यालाच आहे.

हेडर फाइलमध्ये एसक्यूआरटीची फक्त ओळख असते. खरा कोड ‘लिबएम’ या लायब्ररीत. कम्पायलरचं ओळखीवर भागतं, लिंकरला मात्र कोड लागतो, आणि तो कुठे शोधायचा ते ‘-एलएम’ सांगतं. प्रिंटएफची लायब्ररी जीसीसी न सांगताच जोडतो, म्हणून तर आपण गाफील राहतो. गंमत म्हणजे, एसक्यूआरटीत थेट 16 लिहिलं तर बहुतेकदा -एलएमशिवायही चालतं, कारण उत्तर कम्पायलरच काढून ठेवतो! घोकंपट्टीवाला इथे हमखास गोंधळतो. आणि -एलएम सोर्स फाइलच्या आधी लिहिलं, तर बऱ्याच मशीनवर तोच एरर परत. लिंकर डावीकडून वाचत जातो. तोवर एसक्यूआरटी कुणी मागितलेलंच नसतं.

उद्या प्रोजेक्टला एसक्यूलाइट जोडाल, तेव्हाही हेच सगळं लागणार. म्हणून पुढच्या प्रॅक्टिकलला सरांना विचाराच, ‘हा एरर कम्पायलरचा की लिंकरचा?’ पुन्हा ‘-एलएम लाव’ एवढंच उत्तर आलं, तर ‘-सी’ देऊन नुसती ऑब्जेक्ट फाइल बनवून दाखवा. ती बिनबोभाट बनते.