‘टू’ काढता येतो, उतारा वाचता येत नाही

सोलापूरहून अक्कलकोटकडे निघालं की कुंभारी मागे पडल्यावर वळसंग लागतं. या रस्त्यावर भाषांना तोटा नाही. कुंभारीच्या विडी कामगारांच्या घरकुलात तेलुगू, वळसंगात शिरलं की कितीतरी घरांत कन्नड, शाळेत आणि कचेरीत मराठी, बाजारात दखनी. इथलं पोरगं दहा वर्षांचं होईतो दोन भाषांत भांडतं आणि तिसरीत शिव्या खातं. अशा पोराबद्दल दहावीच्या निकालानंतर चार शहाणी माणसं मान हलवून म्हणतात, ‘आपल्याकडच्या मुलांना भाषेचं अंगच नाही हो, इंग्रजीत मार खातात.’ या म्हणण्यात काही दम नाही. बोर्डाच्या लेखी इंग्रजी ही तृतीय भाषा. वळसंगच्या पुष्कळ मुलांची ती चौथी असते, आणि आधीच्या तीन त्यांनी कुठल्याही क्लासला न जाता पचवलेल्या असतात.

मग अडतं कुठे? वेळ कमी पडतो म्हणावं तर तसंही नाही. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, २००० साली, महाराष्ट्रात इंग्रजी पहिलीपासून आली. त्याआधीच्या पिढ्या ती पाचवीला सुरू करत, त्याहून जुन्या आठवीला. म्हणजे आज दहावीला बसणारं मूल दहा वर्षं इंग्रजी शिकलेलं असतं. २०२५ साली पहिलीपासूनच्या तिसऱ्या भाषेवरून राज्यभर रान पेटलं, जूनअखेर सरकारला शासन निर्णय मागे घ्यावे लागले. त्या गदारोळात या दहा वर्षांच्या इंग्रजीचं नेमकं काय होतं, हे मात्र फारसं कुणी विचारलं नाही.

यावर तयार उत्तरं तीन आहेत. एकेक घेऊ.

पहिलं उत्तर शहरातून येतं, बहुधा स्पोकन इंग्लिशच्या जाहिरातीतून. व्याकरण विसरा, परीक्षा विसरा, फक्त बोला. मूल आईकडून भाषा शिकतं तेव्हा आई काय क्रियापद चालवून दाखवते? ऐकायला गोड आहे. पण वळसंगच्या मुलाने बोलायचं कुणाशी? स्टँडवर, गिरणीत, देवळात, सोसायटीत इंग्रजी बोलणारं कोण भेटणार? आईकडून शिकायला आईला ती भाषा यावी लागते, आणि ती दिवसभर कानावर पडावी लागते. या गावात इंग्रजी कानावर पडत नाही, डोळ्यांसमोर मात्र सारखी असते. फवारणीच्या बाटलीला चिकटवलेल्या घडीपत्रकावर ती असते, बँकेच्या फॉर्मवर असते, मोबाइलवर येणाऱ्या मेसेजमध्ये असते, डॉक्टरांनी लिहून दिलेल्या चिठ्ठीवर असते. जी भाषा आपल्याकडे कागदावरून येते, ती कागदावरूनच शिकायला सुरुवात करणं हा सरळ व्यवहार झाला. मायकेल वेस्ट नावाचे इंग्रज शिक्षक १९२० च्या दशकात ढाक्यात होते. त्यांनी बंगाली मुलांबद्दल हेच मांडलं, की या मुलांना इंग्रजी बोलण्याची गरज थोडी आणि वाचण्याची फार, तेव्हा आधी वाचायला शिकवा. शंभर वर्षं झाली या गोष्टीला. बोलणं नंतर येतं, आणि वाचणाऱ्याला ते लवकर येतं. इंग्रजी माध्यमात घातलं की प्रश्न मिटला असं समजणाऱ्या पालकांनाही हेच लागू आहे. घरात आणि गल्लीत जी भाषा नाही ती गणवेश बदलल्याने कशी येईल?

दुसरं उत्तर गावातलंच आहे आणि जास्त घातक आहे, कारण ते व्यवहारी वाटतं. ‘साहेब, आम्हाला काय शेक्सपिअर करायचाय? गाईड आणा, अपेक्षित आणा, पोरगं पास झालं की संपलं.’ मी या माणसाला हसत नाही. त्याला पोराचं पुढचं वर्ष वाचवायचं आहे, आणि ते वाचवणं हे पुण्याचंच काम आहे. माझं म्हणणं इतकंच, की त्याचा हिशेब त्याच्याच तराजूत बसत नाही. दहावीचा इंग्रजी तृतीय भाषेचा पेपर, ज्याला आता कृतिपत्रिका म्हणतात, लेखी ८० मार्कांचा असतो. त्यातले २० पाठ्यपुस्तकातल्या उताऱ्यांवर आणि १० कवितांवर. उरलेले ५० पुस्तकाबाहेरचे: भाषाभ्यासाला १०, कधी न पाहिलेल्या उताऱ्यांना १५, लेखनाला २०, अनुवादाला ५. बरं, पुस्तकातल्या ज्या उताऱ्यासाठी गाईड घोकायचं, तो उतारा तर पेपरातच छापलेला असतो. त्याखालच्या कृती नव्या असतात. सगळी तयारी त्या ३० मार्कांची करायची, तीही आयत्या उत्तरांनी, याला व्यवहार म्हणत असतील तर कठीण आहे.

गाईडाचा कळस पाहायचा असेल तर उताऱ्याखालची पाचवी कृती पाहावी. ती असते ‘पर्सनल रिस्पॉन्स’, म्हणजे तुला काय वाटतं ते तुझ्या शब्दांत लिही. हे उत्तरही छापून मिळतं. मुलाला स्वतःला काय वाटतं, हे मुलाने पाठ करायचं!

गाईडावर वाढलेलं मूल उताऱ्याला कसं सामोरं जातं ते शिक्षकांना माहीत असतं. ते उतारा वाचत नाही. आधी प्रश्न बघतं, त्यातला एक जाडजूड शब्द धरतं, कॅपिटल अक्षर असेल तर फारच सोयीचं, मग तो शब्द उताऱ्यात शोधतं आणि ज्या वाक्यात सापडेल ते वाक्य पहिल्या अक्षरापासून पूर्णविरामापर्यंत उतरवून काढतं. सोप्या कृतीला यात मार्क मिळूनही जातात, आणि म्हणूनच ही खोड मोडत नाही. वर्षभर याला ‘उताऱ्याचा सराव’ म्हणतात. यात सराव होतो तो शोधाशोधीचा.

तिसरं उत्तर आमच्या शिक्षक बिरादरीचं: व्याकरण पक्कं करून घ्या. रेन आणि मार्टिनच्या पुस्तकापासून चालत आलेली ही श्रद्धा आहे. मी त्या श्रद्धेच्या विरोधात नाही, तिच्या कर्मकांडाच्या विरोधात आहे. महाराष्ट्रात इंग्रजी शिकलेल्या कुठल्याही माणसाला विचारा, त्याला ‘टू काढा’ आठवतं. फळ्यावर एक वाक्य येतं: द फार्मर वॉज टू टायर्ड टू ईट. हुकूम होतो, रिमूव्ह टू. मागच्या बाकावरचा पोरगासुद्धा लिहून मोकळा होतो: द फार्मर वॉज सो टायर्ड दॅट ही कुड नॉट ईट. बिनचूक. ‘टू’ च्या जागी ‘सो’, मधे ‘दॅट’, मग कर्ता, मग ‘कुड नॉट’. साच्यात ओतलं की वीट बाहेर. आता हेच वाक्य एखाद्या उताऱ्याच्या पोटात ठेवा आणि खाली विचारा, त्या रात्री शेतकरी जेवला का? अर्धा वर्ग लिहील, जेवला. का नाही लिहिणार? वाक्यात ‘ईट’ दिसतंय आणि ‘नॉट’ कुठेच दिसत नाही.

इथे जरा थांबू, कारण सगळी गोम इथेच आहे. मराठीत आपण म्हणतो, इतका दमला होता की जेवलाच नाही. नकार उघड सांगतो. इंग्रजीने तो ‘टू’ च्या पोटात लपवला आहे. ‘टू काढा’ हा व्यायाम मुळात तो लपलेला नकार मुलाला दिसावा म्हणूनच योजलेला असणार. तो मुलाच्या हातून रोज होतो, एका मार्काला होतो, आणि नकार काही दिसत नाही, कारण शेतकरी उपाशी झोपला हे वर्गात कुणी बोललेलंच नसतं. ‘अनलेस’ची, ‘हार्डली’ची, ‘नो सूनर’ची हीच गत. म्हणून व्याकरण सोडा म्हणणारेही चुकतात आणि व्याकरण घोटा म्हणणारेही. शेतकरी जेवला की नाही हे व्याकरणाशिवाय कळत नाही, आणि फळ्यावरच्या सुट्या वाक्यात ते कळण्याची गरजच पडत नाही. व्याकरणाचा तास उताऱ्यातल्या अडलेल्या वाक्यापासून सुरू व्हायला हवा. वाक्य अडलं, अर्थ लागेना, तर नियम सांगा. मग तो नियम मुलाच्या उपयोगाचा असतो आणि लक्षातही राहतो.

या मुलाकडे व्याकरण नाही असंही नाही. सोलापूरकडचं पोरगं ‘मी शाळेला जातो’ आणि ‘मी शाळेला जायलोय’ यात कधी गल्लत करत नाही. ‘आय गो’ आणि ‘आय ॲम गोइंग’ यांतला फरक त्याच्या तोंडात आधीच आहे. पण प्रमाणभाषेच्या धाकाने त्याचं ‘जायलोय’ वर्गाबाहेर ठेवायला लावतात आणि मग ‘प्रेझेंट कंटिन्युअस’ची व्याख्या पाठ करून घेतात.

आता पाठांतराची बाजू घेणारे एक भक्कम अस्त्र काढतील, आणि ते वळसंगात तर हमखास काढतील. १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर या गावी आले होते. इथल्या विहिरीशी जोडलेली ती आठवण गाव अजून जपतं. त्याच बाबासाहेबांनी आपल्या आठवणींत सांगितलं आहे, की वडिलांनी, रामजी सुभेदारांनी, हॉवर्डची इंग्रजी पुस्तकं आणि तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेचे तिन्ही भाग त्यांच्याकडून पाठ करून घेतले होते. मग? पाठांतराने बाबासाहेब घडले, आमच्या पोरांनी केलं तर काय बिघडलं?

काहीच बिघडलं नाही. पाठांतर वाईट असं म्हणणाऱ्यांतला मी नाही. ज्याच्या कानावर इंग्रजी पडत नाही त्याने शे-दोनशे चांगली वाक्यं तोंडपाठ केली तर तेवढाच त्याचा कान तयार होतो. पण सुभेदारांनी काय पाठ करून घेतलं ते बघा. तर्खडकरांच्या पाठमालेत मराठीतून इंग्रजीत आणि इंग्रजीतून मराठीत जावं लागतं, आणि दोन्हीकडे योग्य शब्द शोधावा लागतो. तिथे पाठ होते ती भाषा. एका ठरावीक प्रश्नाचं एक ठरावीक उत्तर नव्हे. आणि पाठांतरावर ते घर थांबलं नव्हतं. मुलाला हवं ते पुस्तक आणून देण्यासाठी सुभेदार आपल्या लेकींकडे जात, प्रसंगी त्यांचे दागिने गहाण ठेवत. पाठमालेच्या पलीकडे वाचनाचा डोंगर होता. आपण त्यातली घोकंपट्टी तेवढी उचलली. कृतिपत्रिकेच्या शेवटी अनुवादाचे ५ मार्क उरलेत, तर्खडकरांच्या परंपरेची तेवढीच शेपटी.

दहावी एक वेळ निभावते. पुढे अभ्यासिकांमधून जे चालतं ते आणखी विलक्षण. २०२३ च्या तलाठी भरतीत १०० प्रश्नांपैकी २५ इंग्रजीचे होते. साडेचार हजारांच्या आसपास जागा, आणि अर्ज लाखांनी. त्यासाठी मुलं शब्दांच्या याद्या पाठ करतात. नाणी जमवणारा तो ‘न्युमिस्मॅटिस्ट’, तिकिटं जमवणारा तो ‘फिलॅटेलिस्ट’. ज्याच्या घरात नाणी जमवण्याइतकी नाणी नाहीत त्याला नाणी जमवणाऱ्याचं नाव पाठ, पण ‘दो’, ‘यट’, ‘इव्हन इफ’ आले की वाक्य कुठे वळलं ते कळत नाही. याद्यांची मोठी गंमत म्हणजे त्यात शब्दाला एकच अर्थ असतो. ‘चार्ज’ म्हणजे आरोप, घ्या लिहून. अरे, वळसंगच्या पोलीस ठाण्यात नवे साहेब चार्ज घेतात, मग चार्जशीट दाखल करतात, आणि हवालदाराचा मोबाइल तेवढ्यात चार्ज होत असतो! तिन्ही अर्थ पोराला ठाऊक आहेत. यादीने त्याला एकच ठेवायला सांगितलं.

मायकेल वेस्ट यांनी पुढे १९५३ साली सुमारे दोन हजार नित्याच्या इंग्रजी शब्दांची एक यादी छापली. तीत भारी शब्द नव्हतेच. जे शब्द पानापानावर पुन्हा पुन्हा येतात ते होते, आणि कुठला शब्द किती वेळा कुठल्या अर्थाने येतो हेही होतं. आपल्याकडे परीक्षेच्या पुस्तकात नेमके उलटे, वर्षातून एकदा भेटणारे शब्द असतात. बँकेच्या क्लार्कच्या पूर्वपरीक्षेत इंग्रजीचे ३० प्रश्न २० मिनिटांत सोडवायचे असतात, त्यात उताराही असतो. प्रत्येक शब्द मनात मराठीत आणून पुढे जाणारा तिथे उताऱ्याच्या निम्म्यावर अडकतो. तो शब्दांना कमी पडत नाही, वेगाला कमी पडतो, आणि वेग याद्यांनी येत नाही. पानंच्या पानं नजरेखालून गेल्याशिवाय तो येण्याचा दुसरा मार्ग मला तरी ठाऊक नाही.

वाचायचं काय, हा प्रश्न रास्त आहे. इंग्रजी पेपर लावला तर पहिल्याच अग्रलेखाने मूल गारद होतं. इंग्रजी कादंबरीचं नाव काढू नका. माझं उत्तर अनेकांना पोरकट वाटेल: दहावीच्या मुलाला सहावीचं भूगोलाचं पुस्तक द्या, इंग्रजी माध्यमाचं. सामान्य विज्ञानाचंही चालेल. बालभारती तेच पुस्तक मराठीत काढते, इंग्रजीत काढते, कन्नड, उर्दूतही काढते. धडे तेच, चित्रं तीच, नकाशे तेच. मुलाने तो मजकूर चार वर्षांपूर्वी मराठीतून शिकलेला असतो. खडक कसे तयार होतात हे त्याला माहीत आहे. अनोळखी आहे ती फक्त भाषा. आशय हाताशी असला की अनोळखी शब्द वाक्यातूनच उलगडतो, कोश उघडावा लागत नाही. कन्नड घरातल्या मुलाने हवं तर तिसरी प्रतही शेजारी ठेवावी. पुस्तकाची पीडीएफ बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट आहे, म्हणजे ‘ग्रामीण भागात साहित्य मिळत नाही’ ही सबबही गेली.

रोज दोन पानं. पहिल्यांदा न थांबता, कळेल तेवढं. दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन, जिथे अर्थ अडला तिथे खूण. दुसऱ्या दिवशी शिक्षकाने त्या खुणांवरच व्याकरणाचा तास घ्यावा, आणि प्रत्येक पानातलं एखादं ठसठशीत वाक्य पाठ करायला द्यावं. जुन्या कृतिपत्रिकांचा सराव दिवाळीनंतर सुरू झाला तरी पुरतो. तोवर उतारा वाचायचा असतो हे मुलाला ठाऊक झालेलं असतं.

यावर मुख्याध्यापकांची एक शंका येतेच. दहावीच्या वर्षी पोराच्या हातात सहावीचं पुस्तक दिसलं तर पालक शाळेत येऊन भांडतील. येऊ द्या की. त्यांच्यासमोर कृतिपत्रिका ठेवावी, न पाहिलेल्या उताऱ्यांच्या १५ मार्कांवर बोट ठेवावं, आणि हे उतारे कुठल्या गाईडात छापून आलेत ते शोधून द्यायला त्यांनाच सांगावं.